कोटो लुबुकचं वरचं शेत

हळदीच्या पानांवरून सगळं सुरू झालं. कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या त्या दुमजली अपार्टमेंटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि पुणं सोडायला लावलं म्हणून आईबाबांशी धड बोलत नव्हते. आम्ही आलो आणि काही महिन्यांतच बाबांच्या कंपनीनं माणसं काढायला सुरुवात केली. नोकरी गेली की व्हिसा गेला, एवढं आईलाही कळत होतं. म्हणून तिनं टीव्हीचा, मिक्सरचा, मायक्रोवेव्हचा, एकूण एक खोका कपाटावर रचून ठेवला होता, परत जाताना पॅकिंगला लागेल म्हणून. बाबांची नोकरी टिकली, पण खोके पुढे कितीतरी वर्षं तिथंच राहिले. मी त्यांच्याकडे बघत झोपायचे. ज्या घरात खोके फेकायची हिंमत होत नाही त्या घराला आपलं कसं म्हणायचं, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि अजूनही नीटसं कळलेलं नाही.

पहिली नागपंचमी आली आणि आईनं पातोळ्यांचा ध्यास घेतला. आई मालवणकडची. हळदीच्या पानाशिवाय पातोळी म्हणजे तिच्या लेखी नुसतं उकडलेलं पीठ. इंडियन स्टोअरमध्ये हळदीची पानं मागितली तर तिथला माणूस हळदीच्या पावडरीचं पाकीट काढून द्यायला लागला. ती हिरमुसून परत आली आणि पार्किंगमध्येच थबकली. खालच्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत, प्लास्टिकच्या मोठ्या बादल्यांमध्ये, हातभर लांब पानांची हळद उभी होती. "मिनू, जा, विचार," आई म्हणाली. "तुझं इंग्लिश चांगलं आहे." माझं इंग्लिश काही चांगलं नव्हतं, पण आईचं तोंड बघून गेले.

दार उघडलं ते रोस्मामावशीनं. तेव्हा ती अर्थातच मावशी नव्हती. बुटकी, पन्नाशीची, केसांना फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई होती. हातात कात्री होतीच. पानं कशाला हवीत म्हणाली. मी म्हटलं, आत गूळखोबरं भरून उकडणार. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी श्रीखंडात लसूण घालणार होते. तिच्या गावी हळदीचं पान जायचं माशाच्या आमटीत, नारळाच्या दाट रसात. गोडात कोण घालतं? तरी तिनं पानं दिली, आणि संध्याकाळी आईनं माझ्याच हातून तिला पातोळ्या पाठवल्या. ताटली परत आली ती कच्च्या फणसाची भाजी घेऊन, तिखटजाळ, नारळाच्या रसातली. आईनं एक घास खाल्ला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाली, "ही बाई आपल्यातलीच आहे." रोस्मामावशी होती सुमात्राच्या डोंगरातल्या एका गावची, इंडोनेशियाची, मुसलमान, मिनांगकाबाउ नावाच्या समाजातली. आईचा न्याय हा असा होता. ज्याला नारळ कळतो तो आपला.

तिला इकडे आणून तिचा नवरा वारला होता. ती माझ्याच शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची आणि तिचा एकुलता मुलगा हेंद्रा टायरच्या दुकानात. दुपारी शाळेतून मी तिच्याबरोबरच घरी यायचे आणि तिच्याच स्वयंपाकघरात बसायचे, कारण आमच्या घरात बाबांच्या नोकरीची काळजी असायची आणि तिच्या घरात कोटो लुबुक असायचं. कोटो लुबुक म्हणजे तिचं गाव. नकाशात मी कितीदा शोधलं, सापडलं नाही. ती म्हणायची, नसू दे, नदीला ठाऊक आहे. दोन डोंगरांमधली चिंचोळी दरी, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं, आणि नदीचं पाणी वर चढवायला बांबूची प्रचंड चाकं. ती चाकं रात्रंदिवस कुरकुरायची. मिरची वाटता वाटता ती मला तो आवाज काढून दाखवायची, घशातून, लांबलचक, कण्हल्यासारखा. चाक कुरकुरायचं थांबलं की अख्खं गाव झोपेतून जागं व्हायचं, म्हणाली, कारण पाणी अडलं. पाखरं हाकलायला शेतावर दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांना डबे, आणि झोपडीत बसून एकच दोरी ओढली की अख्ख्या उतारावर खुळखुळाट. कापणीनंतर शेतात बदकं सोडायची. चिखलातून बोटाएवढे मासे वेचून केळीच्या पानात भाजायचे. मला हे सगळं इतकं पाठ झालं की शेजारच्या फ्रीवेचा आवाज ऐकताना मी मनात त्याचं चाक करायचे.

पण माझं डोकं फिरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांच्यात जमीन बाईची. आईकडून मुलीला, मुलीकडून तिच्या मुलीला. नवरा लग्न करून बायकोच्या घरी राहायला येतो. मुलाला शेतातलं काही मिळत नाही. कारभार बघतो मामा, पण विकायचा हक्क त्यालाही नाही. विकत नाहीतच. गहाण टाकायची तरी चारच कारणं चालतात: घरात प्रेत आहे आणि माती द्यायची ऐपत नाही, घराण्याच्या मोठ्या घराचं छप्पर गळतंय, घराण्याचा प्रमुख बसवायचाय, नाहीतर घरात मोठी झालेली मुलगी बिनलग्नाची आहे. पाचवं कारण नाही. मी हे घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती चपात्या लाटत होती. "शहाणी माणसं," एवढंच म्हणाली. तिच्या वाटणीची माडांची वाडी तिनं भावांना लिहून दिली होती, एका जरीच्या साडीवर. सगळ्याच बहिणी देतात. बाबांची सासवडची जमीन काकांच्या मुलांकडे जाणार हेही ठरलेलंच होतं. मी कुणाच्या हिशेबातच नव्हते. मुलगी काय, जाईल तिच्या घरी, असं आजोबा माझ्यादेखत म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही वाईट म्हटल्यासारखं वाटायचंही नाही.

रोस्मामावशीला मुलगी नव्हती. तिच्यामागे वरचं शेत, चाकापासचं, सगळ्यात आधी पाणी मिळणारं, लांबच्या चुलत शाखेकडे जाणार होतं. "माझ्यापाशी आमचं घर मिटतं," असं ती म्हणायची आणि मग काहीतरी जोरात कापायला घ्यायची. मी सतरा-अठराची असेन, आम्ही बाल्कनीत हळदीच्या बादल्या बदलत होतो, दोघींचे हात मातीत. तेव्हा ती सहज बोलावं तसं म्हणाली, "मिना, वरचं शेत तुला देईन. बाहेरच्या मुलीला घराण्यात घेता येतं आमच्यात. तू माझी लेक हो." मी हसण्यावारी नेलं नाही. हसण्यावारी न्यायला हवं होतं असं शहाण्या माणसाला वाटेल, पण ज्यानं कधी खोक्यांखाली झोपून बघितलं नाही त्यानं शहाणपण शिकवू नये. जगात एक तुकडा माती माझी आहे, हे त्या दिवसापासून मी मनात धरून चालायला लागले. तिची भाषा शिकले, तिच्याच तोंडून, चुलीपाशी. कॉलेजला डेव्हिसला गेले तिथं कॉम्प्युटर सोडून माती आणि पाण्याचा विषय घेतला. सुट्टीत घरी आले तर बाबा तीन दिवस जेवायला माझ्याबरोबर बसले नाहीत. "इंजिनिअरची मुलगी चिखल शिकणार," असं फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी मनात म्हटलं, म्हणा काय म्हणायचं ते. शेतावर उभी राहीन तेव्हा कळेल.

मला घराण्यात घ्यायचा दिवस ठरला तो कॉलेजच्या पहिल्या उन्हाळ्यात. गावच्या लोकांना दिसायला हवं म्हणून हेंद्रा व्हिडिओ काढणार होता, मग ती सीडी कुणाबरोबर तरी गावी जाणार होती. रोस्मामावशीनं कुठल्याशा ओळखीच्या बाईकडून सोनेरी फुलांचा मुकुट आणला, चांगला वीतभर उंच आणि जात्यासारखा जड. तो डोक्यावर चढवला तेव्हा माझी मान लटपटायला लागली. लाल जरीचं वस्त्र, गळ्यात माळांवर माळा. आई कौतुकानं स्वतःच्या लग्नातला शालू घेऊन आली होती, तो खांद्यावर टाकला. मागे सरकून मला न्याहाळत म्हणाली, "ही तर नवरीच दिसते. फक्त नवरा तेवढा राहिला." मी ते भाषांतर करून सांगितलं. रोस्मामावशी हसली. "आमच्यात लेक अशीच सजवतात," ती म्हणाली. मग पितळेच्या पायाच्या तबकात विड्याची पानं, सुपारी, चुना मांडून तिनं ते आईपुढे धरलं. पानं आईनंच आणली होती, त्याच इंडियन स्टोअरमधून. आता कुणी मानानं विडा पुढे केला तर आमच्याकडे नाही म्हणतात का? आईनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला, कॅमेऱ्याकडे बघत, लाजत. हेंद्रा म्हणाला, "आंटी, वन मोअर टाइम, लाइट नॉट गुड." आईनं दुसरा विडाही खाल्ला.

मग गावी जायचं तेवढं राहिलं. दर सुट्टीत मी विचारायचे आणि दर सुट्टीत काहीतरी निघायचं. कधी पाऊस फार, कधी दरीतला रस्ता वाहून गेला, कधी तिचे गुडघे. पुढच्या वर्षी नक्की. मध्ये हेंद्रानं स्टॉकटनला घर घेतलं. सगळेच घेत होते तेव्हा, टायरच्या दुकानातली पोरंसुद्धा, त्यामुळे आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही. आम्ही सगळे बघायला गेलो. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, स्वयंपाकघराच्या मधोमध ग्रॅनाइटचा ओटा. आईनं त्या ओट्यावरून हात फिरवला आणि परतताना सबंध वाटभर बाबांना टोमणे मारले. नव्या कार्पेटवर मांडी घालून मी केळ्याची भजी खाल्ली. रोस्मामावशी त्या दिवशी एका जागी बसली नाही. भजी तळून संपली तरी तळतच होती.

दोन-अडीच वर्षांत ते घर गेलं. बँकेनं कुलूप बदललं. हेंद्रा परत आईच्या सोफ्यावर झोपायला आला. गल्लोगल्ली हेच चाललं होतं, त्याचं एकट्याचं नव्हतं. मला त्याची दया आली, खरंच आली. त्याच वर्षी माझं कॉलेज संपलं आणि मी ठरवलं, आता कुणाची वाट बघायची नाही, नोकरी लागायच्या आत स्वतःच तिकीट काढून कोटो लुबुकला जायचं.

नागपंचमी आली, आईनं पातोळ्या केल्या. झाकलेली ताटली घेऊन मी खाली गेले. दार लोटलेलंच असायचं, तसंच ढकलून आत शिरले. सोफ्यावर एक म्हातारा बसला होता, काळी टोपी, इस्त्रीचा शर्ट, बूट दाराशी नीट जोडून ठेवलेले. मला बघून तो उठला, म्हणजे उठायला बघितलं, आणि त्याचा चेहरा इतका फुलला की मी मागे वळून बघितलं, माझ्यामागे कुणी आहे का म्हणून. "अमीना," तो म्हणाला. रोस्मामावशी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या हातात भाताचा डाव होता.

तो तिचा थोरला भाऊ, कोटो लुबुकचा मामा, घराण्याचा प्रमुख आणि शेताचा कारभारी. आपल्या जावयाकडे लॉस एंजलिसला आला होता आणि न कळवता बस पकडून बहिणीला भेटायला आला होता. त्यांच्या भाषेत, माझ्यासाठी सावकाश बोलत, त्यानं मला शेजारी बसवलं. सीडी सगळ्या गावानं बघितली म्हणाला, मशिदीच्या अंगणात टीव्ही लावून. मुकुट छान दिसत होता. "तुझ्या जन्मदात्या आईनं पान खाल्लं, दोनदा खाल्लं, ते बघितलं तेव्हा आम्ही सगळे मोकळे झालो. आईचा होकार दिसल्याशिवाय मी शेताला हात लावू दिला नसता." मग इकडेतिकडे बघून, जरा लाजत, त्यानं विचारलं, "जावई कुठे आहे? भेटवणार नाहीस का मामाला?"

मला कळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. फार नाही. ती चार कारणं मला पाठ होती, तिनंच पाठ करून घेतली होती. प्रेत नव्हतं, छप्पर गळत नव्हतं, प्रमुख तर माझ्यासमोर धडधाकट बसला होता. राहिली मोठी झालेली बिनलग्नाची मुलगी, आणि ती तिच्याकडे नव्हती, म्हणून तिनं ती करून घेतली होती, माझी, माझ्याच आईच्या शालूत. वरचं शेत माझ्या लग्नासाठी गहाण पडलं होतं आणि त्याचा ओटा, कार्पेट आणि चार बेडरूम झाल्या होत्या, आणि त्याही आता नव्हत्या. तिकडे माझं नाव अमीना होतं. मी कधी झाले अमीना, कुणाच्या साक्षीनं, ते मलाच ठाऊक नव्हतं. मी रोस्मामावशीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं काही खूण केली असती, हात जोडले असते, नुसतं डोळ्याला डोळा दिला असता, तर मी त्या म्हाताऱ्याला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं असतं असं मला वाटतं. तिनं काहीच केलं नाही. मी ताटली मांडीवर घेऊन बसले होते, ती अजून गरम होती.

"कामावर गेलाय," मी म्हटलं.

"चांगला आहे? तुला नीट वागवतो?"

"चांगला आहे."

त्यानं समाधानानं मान हलवली. "मग शेत कारणी लागलं," म्हणाला. मग मला समजावलं की ज्याच्याकडे गहाण आहे तो यंदा भात लावणार नाही, संत्र्याची रोपं घालणार आहे, चाकाचं पाणी खालच्या शेतांना वळवलंय. पण काळजी करू नकोस, गहाण म्हणजे विकणं नव्हे, तुला मुलगी झाली की ये आणि सोडवून घे, आम्ही सगळे साक्षीला आहोत. पातोळी त्यानं उकलली, हळदीचं पान नाकाशी नेलं, गूळखोबरं बघून चकित झाला. दोन खाल्ल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला, तो आशीर्वाद असावा. तो हात मला आवडला होता, हे सांगताना आजही राग येतो.

तो गेल्यावर मी दार लावलं. रोस्मामावशी सिंकपाशी उभी राहून धुतलेला तांदूळ परत धूत होती. मी विचारलं, "आधी काय ठरवलं होतंस? मला लेक करायचं की शेत गहाण टाकायचं?" दोनदा विचारलं.

"हेंद्रा रडला होता," ती म्हणाली. "इथंच बसून रडला. सगळ्यांची घरं झाली, म्हणाला. आमच्यात मुलाला काही मिळत नाही, मिना."

"आणि मला काय मिळालं?"

तेव्हा ती वळली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं. "तुला सगळं मिळालं," ती म्हणाली. "आजही कोटो लुबुकमध्ये कुणालाही विचार, वरचं शेत कुणाचं? तुझंच नाव सांगतील."

ही तिच्या मते समजूत होती. मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही, त्या दिवशी उगारला असता. ताटली तिथंच टाकून वर आले आणि खोक्यांच्या खोलीत दार लावून घेतलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही, पुढेही नाही, आणि तेवढं एकच मला हवं होतं. बाल्कनीतली ती दुपार, मातीतले हात, ते सगळं आधीचं होतं की हेंद्रा रडल्यानंतरचं? आधीचं असेल तर मी काही वर्षं तरी खरीच कुणाची लेक होते. नंतरचं असेल तर नव्हते. इतकी वर्षं झाली, चाळिशी उलटली, दुसऱ्यांच्या शेतांचं पाणी तपासत मी कॅलिफोर्नियाभर फिरते, आणि बांधावर उभी राहिले की अजून हाच हिशेब घालत बसते. तिकीट मी काढलं नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते, नवऱ्याशिवाय?

आईला मी काही सांगितलं नाही. तिनं तो विडा हौसेनं खाल्ला होता, एकदा नाही दोनदा. कळलं असतं तर तिनं स्वतःलाच बोल लावला असता. मी आणि रोस्मामावशी का बोलत नाही, हे तिला कधी समजलं नाही. मावशी हेंद्राबरोबर सांता क्लारा सोडून गेली तेव्हा हळदीच्या बादल्या आमच्या दारात ठेवून गेली, आणि आई अजून त्यांतली पानं काढते.

पुढे माझं लग्न ठरलं. आई डायनिंग टेबलावर आमंत्रणांची पाकिटं घेऊन बसली होती. म्हणाली, "रोस्माला बोलवायलाच हवं. लेक म्हणायची ती तुला."

"तिनं माझं लग्न केव्हाच लावलंय, आई," मी म्हटलं.

आई खळखळून हसली. "हो गं बाई. काय दिसत होतीस त्या दिवशी," ती म्हणाली आणि मुकुटातला माझा फोटो शोधायला कपाटाकडे गेली.